सोरायसिस, नाशिकची थंडी आणि लांब बाह्यांचे ब्लाउज

गोदाकाठची
१६ नोव्हेंबर, रात्री १०:४७

परवा निफाडचा पारा दहाच्या खाली आल्याची बातमी वाचली आणि त्याच रात्री माझी कोपरं चुरचुरायला लागली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमापक आणि माझी कातडी यांचं काहीतरी संगनमत आहे. फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत बरं चालतं, मग कोपरं, गुडघे, कानामागची जागा असं एकेक ठाणं जागं होतं. हा विसावा हिवाळा.

इथे मी सात-आठ वर्षं लिहिते. पाककृती टाकल्या, २०१९ च्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला त्याचे फोटो टाकले, मिसळीवरून भांडले. सोरायसिसबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही. २९ ऑक्टोबरला, म्हणजे नेमकी जागतिक सोरायसिस दिनालाच, दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी माझ्याहून थोड्या मोठ्या एक बाई. भर ऑक्टोबर हीटमध्ये दोघींच्या बाह्या मनगटापर्यंत. एकमेकींच्या बाह्या बघून आम्ही हसलो. त्या म्हणाल्या, "मुलांना माहितीये. सुनेला अजून नाही सांगितलं." रिक्षात बसल्यावरही ते वाक्य सुटेना, म्हणून हा धागा.

सुरुवात डोक्यातून झाली. मी २६ ची, मुलगी चार महिन्यांची. बाळंतपणानंतर केस गळतात, कोंडा होतो, असं सगळ्याच म्हणाल्या. दोन वर्षं मी शाम्पू बदलत राहिले. काळ्या ब्लाउजवर पाठीमागे पीठ सांडल्यासारखं दिसायचं. सासूबाई मायेने लिंबू चोळायच्या आणि मी डोळे घट्ट मिटून बसायचे. मग कोपरावर रुपयाएवढा चट्टा उठला, त्यावर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे. (तेव्हापासून काजूकतलीवरचा वर्ख मी खरवडून काढते. घरचे हसतात.) मेन रोडवरचा आमचा शिंपी दर दिवाळीला बाही अर्धा इंच वाढवत गेला. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

आत काय बिघडलेलं असतं ते मला निदानानंतर कित्येक वर्षांनी नीट कळलं. आमचे हे सातपूरला कंपनीत आहेत, त्यांनी डॉक्टरांचं बोलणं आपल्या भाषेत उतरवून घेतलं. निरोगी कातडीचा कारखाना एका पाळीत चालतो. तळाशी पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते, महिन्याभरात मरून गळते, कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे भोंगा बिघडलेला. शत्रू नसताना शरीराचं संरक्षण खातं भोंगा वाजवतं, टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ असल्या नावांचे निरोप धाडतं आणि कारखाना तिन्ही पाळ्यांत सुटतो. महिन्याचा माल चार-पाच दिवसांत तयार, तोही कच्चा. तो गेटवर साचतो, तोच पापुद्रा. खाली रक्त जास्त येतं म्हणून लाली. आपल्या सावळ्या रंगावर ती जांभळट-तपकिरी दिसते, त्यामुळेही बरेचदा ओळखायला उशीर होतो. यात जंतू नाही, बुरशी नाही, 'रक्त खराब' नाही. एका ताटात जेवून, एका टॉवेलने अंग पुसून हा कुणाला लागत नाही. घराण्यातून येऊ शकतो, पण आला नाही असंही होतं. माझ्या माहेरी-सासरी कुणालाच नाही.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नव्हे. एका संक्रांतीला काचेची बांगडी फुटून मनगटावर ओरखडा उठला. दहा-बारा दिवसांनी बरोबर त्याच रेघेवर चट्टा, पट्टीने आखल्यासारखा. कातडीला इजा झाली की तिथेच हा उगवतो. तेव्हापासून खाजवायचं नाही, पापुद्रा उचकटायचा नाही. आणि तेव्हापासून मी काचेच्या बांगड्या घालत नाही. त्यावर किती जणींनी किती प्रकारे विचारलं, ते वेगळं पुराण.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर लिहायला बसले. २०१३ चा उन्हाळा. एका लग्नात कुणीतरी पत्ता दिला. घाटापलीकडे एक जण पुड्या देतो, 'मुळापासून घालवतो'. कागदाच्या पुड्या, आत पांढरी पूड, सकाळ-संध्याकाळ मधातून. नाव नाही, गाव नाही, काय आहे विचारलं की "जडीबुटी". तीन आठवड्यांत माझी कातडी लेकीसारखी झाली. मी अर्ध्या बाहीचे चार ब्लाउज शिवले! वजन सात किलोंनी वाढलं, चेहरा गोल झाला, शाळेत सगळे म्हणाले तब्येत सुधारली. जुलैत धो-धो पाऊस लागला, जाणं लांबलं, पुड्या संपल्या. दहाव्या दिवशी डोक्यापासून तळपायापर्यंत मी लाल. पांघरुणं घेऊनही हुडहुडी थांबेना, पाय सुजले, चादर झटकली की ओंजळभर साल. हॉस्पिटलात ११ दिवस होते. राउंडवरच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पुड्या घेत होतात?" मी नाही म्हणाले. मग रडले आणि हो म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. पोटातून स्टिरॉइड गेलं की सोरायसिस झटक्यात दबतो आणि ते अचानक थांबलं की दामदुपटीने उसळतो. सगळं अंग पेटलं की कातडी ऊब धरून ठेवू शकत नाही, पाणी आणि प्रथिनं गळत राहतात, जिवावर बेतू शकतं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "हा जात नसतो. याला झोपवून ठेवायचं असतं."

हे वाक्य मला सात वर्षं आधी कुणी ऐकवलं असतं तर मी 'घालवणाऱ्यांच्या' मागे फिरले नसते. आधी फार वाईट वाटलं. मग हळूहळू सुटल्यासारखं वाटलं. रोज परीक्षा देऊन रोज नापास होणं थांबलं.

सध्या आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, ठरावीक महिन्यांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी, चट्ट्यांवर कॅल्सिपोट्रिओलचं मलम, आणि हिवाळ्यात फोटोथेरपी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबी नळ्यांच्या कपाटात आठवड्याला दोनदा उभं राहणं. पहिल्या दिवशी काही सेकंद, मग वाढवत नेतात. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. गिझरच्या कढत पाण्याचा मोह आवरायचा. ती पाच मिनिटं स्वर्ग असतो आणि रात्रभर खाज. अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चोपडायचं. हे सगळ्यात स्वस्त औषध आहे आणि सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं. मीही चुकवते.

कुणी आहे का इथे माझ्यासारखं?


खरडछाटणी
१६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

ताई, मी दिंडोरी तालुक्यातला. द्राक्षबाग आहे. दोन्ही तळहातांना तीन वर्षांपासून भेगा, जाड साल, कधी रक्त येतं. गोडी छाटणीच्या वेळी कात्री धरवत नाही. छाटणीनंतर पेस्ट लावायची, मग फवारण्या, मग डिपिंग. सगळे म्हणतात औषधांची अ‍ॅलर्जी. हातमोजे घातले तरी फरक नाही. मलम लावलं की आठ दिवस बरं, पुन्हा तेच. हे तेच असेल का?


गोदाकाठची
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

दादा, इथे बसून कुणी सांगू शकणार नाही, मी तर नाहीच. पण तीन गोष्टी बघून ठेवा. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, नख टोकाकडून सुटून पिवळट दिसतं का. डोक्यात, कानामागे, कोपरांवर, बेंबीत काही आहे का. आणि तळपाय कसे आहेत, कारण तळपायांना तुम्ही फवारणी करत नाही. अ‍ॅलर्जी शोधायला पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, बुरशी असेल तर खरवड तपासतात. त्वचारोगतज्ज्ञांना गाठा, आणि लावत असलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या.


खरडछाटणी
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:२५

नखांना खड्डे आहेत. तळपायाला पण भेगा. मला वाटलं अनवाणी चालल्याने.


काउंटरपलीकडून
१७ नोव्हेंबर, दुपारी २:५५

सिडकोत माझं मेडिकल आहे. ट्यूब सोबत न्या असं ताईंनी लिहिलं, त्यावर दोन शब्द. दुकानात सगळ्यात जास्त मागितलं जाणारं मलम म्हणजे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक या तिघांची खिचडी. खाज म्हटली की हेच. गजकर्णालाही हेच, सोरायसिसलाही हेच, चेहऱ्याच्या डागालाही हेच. २०१८ मध्ये सरकारने क्लोबेटासोलसारखी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

स्टिरॉइड मलम वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर सोरायसिसचं ते पहिल्या फळीतलं औषध आहे. चेहऱ्यावर, जांघेत, काखेत जोरकस मलम महिनोन् महिने लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते, रेषा उमटतात. किती लावायचं याचं साधं माप: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं दोन तळहातांच्या आकाराच्या जागेला पुरतं. बरेच जण एक तर मिरवणुकीत गुलाल लावावा तसं लावतात, नाही तर देवाला गंध लावावं तसं.

आणि हात जोडून सांगतो, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. रोज नाही. गोळी इवलीशी, त्यामुळे घरचे लोक "रोजची विसरलास का" म्हणून देतात. रोज गेली की तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. मी पाकिटावर मार्करने वार लिहून देतो. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, कारण काही अँटिबायोटिक, विशेषतः को-ट्रायमॉक्साझोल, तिच्यासोबत धोक्याची. दारू बंद. नाशिकची वाइनसुद्धा दारूच आहे, हे इथल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं.


गोदाकाठची
१७ नोव्हेंबर, रात्री ९:०२

माझा वार सोमवार. फ्रीजवर चुंबकाखाली कागद आहे, घेतली की मुलगी टिकमार्क करते. ती आता वीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा तीच जास्त शिस्तीची.


सहाण
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

अ‍ॅलोपॅथीचा एवढा उदोउदो कशाला? आयुर्वेदात एककुष्ठ, किटिभ अशी वर्णनं हजारो वर्षांपासून आहेत. दूध आणि मासे एकत्र, दही-उडीद, विरुद्ध आहार हे मूळ. पंचकर्माने माझ्या मेव्हण्याला गुण आला. पुडीवाला भोंदू निघाला म्हणून अख्खं शास्त्र टाकाऊ ठरत नाही.


गोदाकाठची
१८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

शास्त्र टाकाऊ असं मी कुठे लिहिलंय? पुडीला नाव नव्हतं, हा माझा मुद्दा. शिकलेले, नोंदणी असलेले वैद्य काय देतात ते लिहून देतात. ज्या औषधाला नाव नाही ते पोटात जाणार नाही, एवढा एकच नियम मी त्या अकरा दिवसांतून शिकले. तुमच्या मेव्हण्यांना गुण आला याचा आनंदच आहे. पण हा रोग आपोआपही महिनोन् महिने झोपतो, त्यामुळे शेवटचं जे केलेलं असतं त्याला श्रेय जातं. मला एकदा नवस केल्यावर वणीच्या गडावरून येईपर्यंत आराम पडला होता. देवीवर माझी श्रद्धा आहे, पण एप्रिल लागला होता हेही खरं.

पथ्याचं म्हणाल तर दूध-मासे मी अनेकदा पाळून आणि मोडून बघितलंय, चट्ट्यांना पत्ता नाही. वजन उतरवल्यावर मात्र फरक पडला, आणि ते डॉक्टरही सांगतात. वजन, तंबाखू, दारू, ताण, घशाचा संसर्ग, यांनी भडका उडतो.

आणि 'कुष्ठ' या शब्दाबद्दल. जुन्या ग्रंथांत तो कातडीच्या कितीतरी विकारांना वापरलाय. आपण मात्र तो ऐकला की फक्त महारोग समजतो. हा घोळ आपलाच नाही, युरोपातही सोरायसिस आणि महारोग कित्येक शतकं एकाच गाठोड्यात होते. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनी ते नीट वेगळे केले. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, आपल्याला नको इतका कळतो. त्यात मेख अशी की महारोग सहा महिने ते वर्षभराच्या, सरकारातून फुकट मिळणाऱ्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ज्याच्या नावाने लोक आपल्याला घाबरतात तो बरा होतो, आणि आपला राहतो!


अबोली_नाशिकरोड
१९ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ऑगस्टमध्ये टॉन्सिल झाले, ताप आला. दोन-तीन आठवड्यांनी पाठ-पोटावर थेंब उडाल्यासारखे शेकडो बारीक चट्टे. शाळेतून फोन आला, गोवर आहे का, घेऊन जा. डॉक्टरांनी गटेट सोरायसिस सांगितलं, घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे सुरू होतो म्हणाले. दिवाळीपर्यंत जवळजवळ गेले. आता हा आयुष्यभर राहणार का?


गोदाकाठची
१९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अबोली, मुलांमधला हा प्रकार पुष्कळदा काही महिन्यांत मावळतो आणि परत येतही नाही. काहींना पुढे कधीतरी मोठ्या चट्ट्यांचा होतो. कुणाला होणार हे आधी सांगता येत नाही. घसा दुखला की अंगावर काढू नका. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, 'संसर्गजन्य नाही' हे शब्द त्यात लिहून घ्या. मी शिक्षिका म्हणून सांगते, वर्गात बाई एकदा त्या मुलाचा हात धरून फळ्यापाशी घेऊन गेल्या की बाकीच्यांचं कुजबुजणं निम्मं थांबतं.


टाचदुखी
२१ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मला चट्टे थोडेच, डोक्यात आणि एका गुडघ्यावर. पण पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई करायचो तेव्हा सकाळी उठल्यावर पाऊण तास बोटं वळायची नाहीत, टाच टेकवायची नाही. मी ते गाडीच्या प्रवासावर ढकललं. चार वर्षं. मग पायाचं एक बोट वांग्यासारखं सुजलं. संधिवाताच्या डॉक्टरांनी नखं बघितली, डोकं बघितलं आणि सोरायटिक आर्थ्रायटिस सांगितलं. सोरायसिसवाल्या दहांतल्या दोघा-तिघांना हा होतो म्हणे, आणि चट्टे किती आहेत यावर तो ठरत नाही. झिजलेला सांधा परत येत नाही. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर आता वाकत नाही. सकाळी सांधे आखडत असतील तर त्वचावाल्यांना सांगा. ते विचारत नाहीत, आपण सांगत नाही.

मला आता अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन चालू आहे. त्याआधी टीबीची तपासणी करून घेतात, कारण लपून बसलेला टीबी हे औषध जागा करू शकतं. मूळ औषध भयंकर महाग होतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्याची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती (बायोसिमिलर) अहमदाबादच्या कंपनीने आणली, म्हणून निदान विचार तरी करता आला. तरी महागच.


कच्चीकैरी
२३ नोव्हेंबर, रात्री १२:४०

सगळे वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. वय २७. पोटावर आणि पाठीवर चट्टे आहेत, कपड्यांत झाकले जातात. घरात स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते लग्न होईपर्यंत बोलायचं नाही. मला झोप लागत नाही.


गोदाकाठची
२३ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

तुझं वाचून दोनदा चहा गार झाला. मला लग्नानंतर झालं, त्यामुळे तुझ्या जागी मी कधीच नव्हते. फुकटचा शहाणपणा सांगायचा मला हक्क नाही. तरी सांगते. साखरपुड्याच्या आधी सांग. पत्रिकेसोबत नको, पहिल्या कांदेपोह्यांनाही नको, पण दोघंच भेटाल तेव्हा तू स्वतः सांग. "मला सोरायसिस आहे, लागत नाही, जाणार नाही, मी औषध घेते." जमलं तर चट्टा दाखव. लोक नावाने घाबरतात, बघितल्यावर कमी घाबरतात.

आईवर रागावू नकोस. तिच्या डोळ्यांसमोर गावातली कुणीतरी परत पाठवलेली मुलगी असते.

मुलाबाळांचं विचारतील. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ढोबळ मानाने दहात एक. आणि तू मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅसिट्रेटिन घेत असशील तर लग्नाचं ठरतंय हे डॉक्टरांना आत्ताच सांग. दोन्ही गर्भाला घातक आहेत. अ‍ॅसिट्रेटिन थांबवल्यावरसुद्धा तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात, म्हणून तुझ्या वयाच्या मुलींना ते शक्यतो देतच नाहीत.


सुईदोरा
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

ताईंचं पटतं, पण दुसरी बाजूही लिहिते. मी सांगितलं. तीन स्थळं गेली. एकाने कारण सांगितलं 'पत्रिका जुळत नाही', जी आधी जुळली होती. चौथा म्हणाला, "माझ्या वडिलांना आहे, त्यांच्या पाठीला मीच मलम लावतो." त्याच्याशी लग्न झालं. पण ते तीन नकार फार लागले, ते लागत नाहीत असं कुणी म्हणू नये.


कच्चीकैरी
२३ नोव्हेंबर, रात्री ११:५८

मेथोट्रेक्सेटचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या फोन करते.


काउंटरपलीकडून
२४ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

फोन नाही, जाऊन भेटा. आणि मनाने बंद करू नका, त्यांना विचारून.


सहाण
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मेव्हण्याला विचारलं. पंचकर्मासोबत तो त्वचावाल्यांचं मलमही लावत होता म्हणे. मला माहीत नव्हतं. नोंद घ्यावी.


गोदाकाठची
२५ नोव्हेंबर, रात्री ८:४४

घेतली. :)


तिवंधा
२ डिसेंबर, रात्री १०:२०

जुन्या नाशकातला आहे. लहानपणापासून रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारायचो. फुलं उकळून केलेला रंग, त्याने कातडीचे विकार होत नाहीत असं आमच्याकडे सगळे म्हणतात. सोरायसिस झाल्यापासून सहा वर्षं मी काठावर उभा. वडील दरवर्षी म्हणतात, अरे त्यानेच जाईल. मला पाण्याची नाही, शर्ट काढायची भीती वाटते. ताई, तुम्ही काय कराल?


गोदाकाठची
३ डिसेंबर, सकाळी ६:४०

रहाडीने जाणार नाही, हे वडिलांना नका सांगू. ओल्या, उघड्या भेगा असतील तर गर्दीच्या पाण्यात उतरू नका, चुरचुरेल आणि जंतू जातील. कातडी शांत असेल तर आदल्या रात्री आणि सकाळी जाड थर जेलीचा, बाहेर आलात की साध्या पाण्याने अंग धुऊन पुन्हा जेली. शर्टाचं तुमचं तुम्ही ठरवा. भिजलेला शर्ट घालूनही उडी मारतात की लोक.


खरडछाटणी
११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

ताई, उशीर झाला, घड विरळणी आणि मजुरांच्या मागे वेळ गेला. जानेवारीत दाखवलं. पॅच टेस्टमध्ये काही निघालं नाही. तळहात-तळपायांचा सोरायसिस. मी तीन वर्षं त्या तिघांच्या खिचडीचं मलम लावत होतो. ते बंद करून रात्री सॅलिसिलिक अ‍ॅसिड घातलेलं दुसरं मलम, वरून जेली, आणि सुती हातमोजे घालून झोपायचं. बायको म्हणते लग्नातल्या नवरदेवासारखा दिसतोस. भेगा भरत आल्यात. कात्रीच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, घासणं कमी झालं. रक्तदाबाची गोळी बदलून दिली, आधीची बीटा ब्लॉकर होती, त्यानेही भडकू शकतो म्हणाले.

हातापायांचं फोटोथेरपीचं छोटं यंत्र असतं ते घ्यायला सांगितलंय, आठवड्यातून दोनदा. पण आता काढणी सुरू. माल गेल्याशिवाय नाशिकला दोनदा येणं जमत नाही. मार्चअखेर सुरू केलं तर चालेल का, की फार उशीर?


गोदाकाठची
११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

चालेल की नाही ते डॉक्टरांना फोनवर विचारा. मोजे आणि मलम तोवर सोडू नका, काढणीच्या दिवसांत तर नाहीच. माझे दिवस सोमवार-गुरुवार, संध्याकाळी पाचनंतर, तेव्हा गर्दी असते. दवाखाना तोच असेल तर निरोपात कळवा. मी शाळेतून सव्वाचारला पोहोचते, तुमचा नंबर लावून ठेवीन.


खरडछाटणी
११ फेब्रुवारी, रात्री १०:०२

तोच आहे. येताना एक पेटी आणतो, एक्स्पोर्टची.